नववी-दहावीच्या पोरांना जाहिरात वाचायला कशी शिकवायची

बार्शीच्या एका मॅडमनी विचारलंय की हायस्कूलच्या मुलांना जाहिराती आणि मन वळवायच्या युक्त्या शिकवायच्यात, त्यांनी दोन तास घेतले, फळ्यावर प्रकार लिहून दिले, मुलांनी वहीत उतरवून घेतले, आणि शेवटी एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, जाहिराती खोट्याच असतात, आम्हाला माहितीये, आम्ही बघतच नाही." आता पुढं काय शिकवायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

मॅडम, मी सोलापुरात २४ वर्षं मराठी शिकवतोय, आमची शाळा पूर्व भागात आहे, वर्गात ६०-६५ पोरं, घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि शाळेत सगळे मराठी. तुमच्या वर्गातला तो मुलगा मला दरवर्षी भेटतो. तो मनापासून बोलतो, त्याला खरंच वाटतं की आपल्यावर काही परिणाम होत नाही, आणि माझ्या मते सगळं शिकवणं तिथूनच सुरू होतं. जाहिरात खोटी असते हे पोराला सांगून काही उपयोग नाही, ते त्याला आधीच ठाऊक आहे. आपलं मन कुठल्या जागी हललं हे त्याला स्वतःचं स्वतःला दिसलं पाहिजे. ते एकदा दिसलं की बाकी सगळे प्रकार आणि नावं दोन तासांत शिकवून होतात.

त्यासाठी मी पहिल्या तासाला काही शिकवत नाही. वर्गात गेलो की धुण्याच्या पावडरीच्या एका जुन्या जाहिरातीची चाल गुणगुणतो, शब्द म्हणत नाही, फक्त चाल, आणि अर्ध्यावर थांबतो. अख्खा वर्ग पुढची ओळ म्हणतो. मग बिस्किटाची, मग गोळीची, मग सिमेंटची. चार-पाच झाल्या की विचारतो, ही तुम्हाला कुणी पाठ करून घेतली? परवाची कविता पाठ करायला आठ दिवस दिले होते, किती जणांची झाली? वर्ग एकदम गप्प होतो. आणि मग तेच पोरगं, "आम्ही बघतच नाही" म्हणणारं, हळूच म्हणतं, "सर, ही तर मला पूर्ण येतीय की." इथं त्याला टोचायचं नाही हं, "बघ, म्हणालो होतो ना" असं काही म्हणायचं नाही. मी सांगतो की मलाही येते, आणि दुकानात गेलो की माझाही हात त्याच पुड्याकडे जातो. शिक्षक वर उभा आणि पोरं खाली फसलेली, असं चित्र झालं की पोरं बंद होतात.

तुम्ही फळ्यावर जे प्रकार लिहून दिलेत ते चुकीचे नाहीत. मीही पहिली पाच-सहा वर्षं तेच केलं. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली होती, तिनं सात युक्त्यांची यादी केली होती, नावं ठेवणं, गोड गोड मोठे शब्द वापरणं, एका गोष्टीची इज्जत दुसरीला चिकटवणं, कुणाची तरी ग्वाही देणं, "आम्ही तुमच्यासारखेच साधे" असं दाखवणं, सोयीचं तेवढंच सांगणं आणि "सगळे घेतायत तूही घे". आज इतक्या वर्षांनी पण ती यादी चालते. मी ती लिहून द्यायचो, चाचणी घ्यायचो, पोरं पैकीच्या पैकी मार्क घ्यायची. आणि त्याच वर्षी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी, चाचणीत पहिली आलेली, तिच्या घरच्यांनी एका क्लासचा बोर्ड बघून वर्षाची सगळी फी एकरकमी भरली, आई विड्या वळायची हो तिची, आणि तो क्लास दिवाळीनंतर बंद पडला. तिला "सोयीचं तेवढंच सांगणं" याची व्याख्या तोंडपाठ होती. मी त्या दिवसापासून यादी आधी देणं बंद केलं. यादी शेवटी द्यायची, पोरांनी स्वतः ती गोष्ट पकडल्यावर, "याला असं असं नाव आहे" म्हणून.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे जी आपण वापरत नाही. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात जाहिरात लेखन आहेच. म्हणजे आपण पोरांना जाहिरात लिहायला शिकवतो, चौकट आखा, आकर्षक मथळा द्या, "त्वरा करा" लिहा, पत्ता-फोन लिहा, झाले मार्क. आपणच त्यांना युक्त्या शिकवतोय आणि त्या युक्त्या काय करतात ते सांगत नाही. म्हणून मी वेगळा तास मागतच नाही मुख्याध्यापकांकडे, जाहिरात लेखनाचा तासच असा घेतो. अभ्यासक्रमही होतो, कुणाची तक्रारही नाही.

तो तास कसा घेतो ते जरा नीट सांगतो, कारण माझ्या सगळ्या कामाचा गाभा तोच आहे.

मी वर्गात चादर घेऊन जातो. सोलापुरी चादर, घरातलीच, जॅकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेली, दोन्ही बाजूंनी डिझाईन आणि रंग उलटसुलट. आमच्या निम्म्या पोरांच्या घरात नाहीतर शेजारात कुणीतरी यंत्रमागावर आहे, त्यामुळं ही वस्तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि ते महत्त्वाचं आहे. बूट किंवा मोबाईल घेतला तर पोरांना जाहिरातीतलंच माहीत असतं, चादरीचं त्यांना खरं माहीत असतं. चादर टेबलावर पसरतो, पोरं हात लावून बघतात, मग वर्गाचे दोन भाग करतो. एका भागाला सांगतो, फक्त जे मोजता येतं, तपासता येतं तेवढंच लिहायचं. लांबी, रुंदी, वजन, सूत कसलं, रंग जातो का, किंमत. दुसऱ्या भागाला सांगतो, यातलं एकही अक्षर लिहायचं नाही, तरी चादर विकली गेली पाहिजे. वीस मिनिटं.

गेल्या वर्षी दुसऱ्या गटानं लिहिलेलं अजून माझ्या वहीत आहे. "होस्टेलवर पहिली रात्र. आईची आठवण येते. तिनं बॅगेत काय ठेवलंय बघ." खाली चादरीचं चित्र. बास. वर्गात कुणीच बोलेना. दोन पोरींच्या डोळ्यांत पाणी. पहिल्या गटानं व्यवस्थित लिहिलं होतं, मापं, वजन, शंभर टक्के सुती, सगळं खरं, पण ते वाचताना पोरं चुळबुळ करत होती. मग हात वर करायला सांगितले, कुठली घ्याल? पाच-सहा जण सोडून सगळे हात होस्टेलच्या चादरीला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, बाप मागावर आहे तिचा, ती म्हणाली, "सर, त्यात वजनच लिहिलं नाही की. हलकी चादर पण हेच लिहून विकता येतंय."

मी खडू खाली ठेवला. त्या मुलीनं जे सांगितलं ते मला चार तास बोलूनही सांगता आलं नसतं. आईची आठवण खरी, रडू खरं, कुणी कुठं खोटं बोललं नाही, आणि तरी विकत घेणाऱ्याला जे कळायला हवं ते एकही कळलं नाही. तिच्या वाक्यावरून मी वर्गाला एकच प्रश्न दिला, आणि तो वर्षभर भिंतीवर लावून ठेवला होता: "यात काय सांगितलं नाही?" खोटं आहे का, हा प्रश्न पोरांना लवकर थकवतो, कारण बहुतेक जाहिराती सरळ खोटं बोलतच नाहीत, त्यामुळं पोरं शोधतात, काही सापडत नाही, आणि मग "म्हणजे चांगलीच असेल" असं होतं. काय सांगितलं नाही हे मात्र प्रत्येक वेळी सापडतं.

त्याच चादरीवरून दुसरी गोष्टही निघते. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे ते नाव या जागेचं आहे, आणि तरी बाहेर कुठंतरी विणलेली चादर "सोलापुरी" म्हणून विकलेली पोरांनी लग्नाकार्यात, प्रवासात पाहिलेली असते. तुमच्या शहराचं नाव दुसऱ्याच मालाला चिकटवून तो विकायला लागले तर कसं वाटतं, हे पोरांना सांगावं लागत नाही, ती चिडतात. मग मी म्हणतो, हीच ती युक्ती, एका गोष्टीची इज्जत दुसरीला चिकटवणं. क्रिकेटपटू आणि पंख्याचा काय संबंध, हिरो आणि गुंतवणुकीचा काय संबंध, ते आता तुम्हीच बोला.

यावरून सांगतो, राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण त्याच नावाच्या वेलचीची, सुगंधी पुडीची जाहिरात मोठमोठे हिरो करतात हे पोरं रोज बघतात. आमच्या एका आठवीतल्या पोरानं विचारलं होतं, "सर, वेलचीला एवढा मोठा हिरो कशाला लागायलाय?" याला सरोगेट जाहिरात म्हणतात, म्हणजे ज्या मालाची जाहिरात करायला बंदी आहे त्याचं नाव दुसऱ्या मालाच्या आडून लोकांच्या डोक्यात ठेवायचं, आणि २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला मनाई आहे. पोराच्या तोंडून प्रश्न आल्यावर नियम सांगितला की तो कधी विसरत नाही, आधी नियम सांगितला की तो परीक्षेपुरता राहतो.

आता क्लासच्या फ्लेक्सविषयी, कारण माझ्या मते हायस्कूलच्या पोरांसाठी सगळ्यात जवळची आणि सगळ्यात महाग जाहिरात हीच आहे, बूट आणि चिप्स त्याच्या पुढं काहीच नाहीत. निकाल लागला की सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत बोर्डच बोर्ड. मी पोरांना गृहपाठ देतो, येता-जाता दिसणारे तीन बोर्ड वहीत उतरवून आणा, फोटो किती, टक्के कुठले लिहिलेत, मोठ्या अक्षरात काय आणि बारीक अक्षरात काय. एका वर्षी दोन वेगवेगळ्या क्लासच्या बोर्डांवर एकाच मुलाचा फोटो सापडला, पोरांनीच शोधला, तो मुलगा एका ठिकाणी वर्षभर होता आणि दुसरीकडे शेवटची सराव परीक्षा द्यायला गेला होता म्हणे. मग आम्ही गणिताच्या सरांना बोलावलं. बोर्डावर ४० फोटो आहेत, सगळे नव्वदच्या वर. छान. पण क्लासला होते किती? १०० मधले ४० असतील तर वेगळी गोष्ट आणि १२०० मधले ४० असतील तर अगदी वेगळी, आणि छेद कुठल्याच बोर्डावर लिहिलेला नसतो. "सर, सगळ्यांनी अंशच लिहिलाय, छेद कुणीच लिहिला नाही," असं एका पोरानं म्हटलं तेव्हा गणिताचे सर इतके खूश झाले की पुढच्या तासाला त्यांनी स्वतःहून टक्केवारीची उदाहरणं बोर्डांवरून घातली.

इथं कायदा सांगायचाच, कारण पोरांना वाटतं की कुणीच काही करू शकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी खास सूचना काढल्यात. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्यानं नेमका कुठला कोर्स घेतला होता, किती दिवसांचा, पैसे भरून की फुकट, हे सांगायला पाहिजे, त्याची लेखी संमती पाहिजे आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली, आणि "सिलेक्शनची हमी" असलं काही छापायचं नाही. हे वाचून दाखवलं की पोरं परत चौकात जाऊन बोर्ड तपासायला लागतात, सांगावं लागत नाही. क्लासची फी एकरकमी भरलेल्या ज्या मुलीचं मी वर सांगितलं तिच्या वेळी या सूचना असत्या आणि मी हा तास घेतला असता तर, असं मला दरवर्षी वाटतं.

मोबाईलवरच्या गोष्टींवर मी एवढा वेळ घालवत नाही, पोरं त्यात माझ्यापेक्षा पुढं आहेत, पण एक प्रयोग सांगतो तो नक्की करा. ऑनलाईन दुकानात "फक्त २ शिल्लक" किंवा उलटं मोजणारं घड्याळ असतं ना, ऑफर संपायला १४ मिनिटं वगैरे. घरातल्या मोठ्या माणसाच्या फोनवर, त्यांना विचारून, एक वस्तू निवडायची, काही घ्यायचं नाही, आणि सलग चार दिवस त्याच वेळेला बघून वहीत लिहायचं. घड्याळ संपल्यावर काय झालं? आमच्या एका पोराच्या वहीत चारही दिवस "आज शेवटचा दिवस" होता. त्यानं त्या पानावर लाल पेननं लिहिलं होतं, "माझे चार शेवटचे दिवस". अशा ऑनलाईन फसव्या मांडणीचे १३ प्रकार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं यादी करून बंद केलेत, खोटी घाई हा त्यातला पहिलाच, दुसरं म्हणजे न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, तिसरं म्हणजे नाही म्हणणाऱ्याला टोमणा मारणं, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" अशा बटणावर बोट ठेवायला लावतात तो प्रकार. पोरींना तो टोमण्याचा प्रकार लगेच कळतो, नातेवाइकांत रोज ऐकतात म्हणाल्या.

रील्सचं म्हणाल तर मी एवढंच विचारतो, वीस रील बघताना विकायला आलेल्या किती होत्या आणि त्यातल्या किती जणांनी ही जाहिरात आहे असं लिहिलं होतं. पैसे किंवा वस्तू घेऊन बोलणाऱ्यानं तसं स्पष्ट लिहायला पाहिजे, जाहिरातदारांचीच जी स्वयंनियमन संस्था आहे, आस्की, १९८५ पासूनची, तिनं २०२१ मध्ये तसा नियम केलाय. पोरांना धक्का याचा बसतो की त्यांच्या आवडीची ताई किंवा दादा, जे "मी स्वतः वापरते" म्हणतात, तेही यात असतात. त्या वयात तो धक्का मोठा असतो, हळू घ्या.

हळू घ्या म्हटलं त्यावरून एक गोष्ट जी मी चुकलो आणि शिकलो. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात वर्गात दाखवली आणि विचारलं, कोण कोण वापरतं? एकाही मुलीनं वर बघितलं नाही. मला कळलं की मी जाहिरातीनं केलं तेच केलं, आधी कमीपणा जाणवून दिला. तेव्हापासून स्वतःबद्दल काही विचारायचं नाही, घरात काय आणता विचारायचं नाही, पॅकेट विकत आणायला सांगायचं नाही. रिकामी पाकिटं मी शाळेजवळच्या किराणा दुकानदाराकडून पोतंभर गोळा करतो, तो आनंदानं देतो. आणि त्या क्रीमच्या विषयाला असा हात घालतो: ही जाहिरात बघायच्या आधी या मुलीला काय अडचण होती? काहीच नव्हती. मग अडचण कुणी तयार केली? आणि औषध कोण विकतंय? तीन प्रश्न, बास. सगळ्यात प्रसिद्ध क्रीमनं २०२० साली आपल्या नावातला गोरेपणाचा शब्द काढला हेही सांगतो, म्हणजे लोकांनी बोलून काहीतरी हलतं हे त्यांना कळतं. पोरांसाठी त्याचीच दुसरी बाजू म्हणजे उंची वाढवा, वजन वाढवा, खांबावर आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेले कागद. उंची वाढवून देतो, मधुमेह बरा करतो, लठ्ठपणा घालवतो अशा औषधाच्या जाहिरातीवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. नववीतल्या बुटक्या पोराला हे कुणीतरी त्याचं नाव न घेता, सगळ्या वर्गाला म्हणून सांगणं फार गरजेचं आहे.

पाकिटांचा तास मात्र मजेत जातो. एक नियम सांगायचा, घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. बास, एवढ्यावर पोरं ४० मिनिटं बुडून जातात. पुढं आंबा रसरसतोय आणि मागं पाणी, साखर, मग आंबा. दुधात घालायच्या पावडरी, ज्यांना आपण लहानपणापासून शक्ती देणारं म्हणत आलो, त्यांना "हेल्थ ड्रिंक" या सदरात ठेवू नका असं केंद्र सरकारनं २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाईन विक्रेत्यांना कळवलं, हे सांगितलं की पोरं डबा फिरवून पहिल्यांदा मागची बाजू वाचतात. आणि खुलाशाची भाषा बघायला सांगा. जाहिरात मराठीत आणि "अटी लागू" इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. सरोगेट जाहिरातीला मनाई करणाऱ्या २०२२ च्या त्याच सूचनांत स्पष्ट आहे की दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा पाहिजे आणि अक्षराचा फॉन्टही तोच पाहिजे. सोलापुरात तर यात आणखी एक गंमत, तीच जाहिरात तेलुगूत, कन्नडमध्ये आणि मराठीत असते, आमची पोरं तिन्ही ऐकून सांगतात की मराठीत "परंपरा" म्हणतात तिथं तेलुगूत काय म्हणतात, कुठल्या भाषेत आई बोलते आणि कुठल्या भाषेत डॉक्टर. तुमच्याकडे बार्शीला एवढ्या भाषा नसतील, पण हिंदी आणि मराठी तरी तुलना करून बघा.

व्हिडिओ जाहिरात दाखवायची असेल तर आधी आवाज बंद करून दाखवा, मग स्क्रीन झाकून नुसता आवाज ऐकवा, मग दोन्ही. आवाज बंद केला की पोरं मोजायला लागतात, तीस सेकंदांत वस्तू किती सेकंद दिसली? कधी कधी चारच सेकंद. बाकी २६ सेकंद कशाचे होते, यावर अख्खा तास जातो.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते आमची, सिद्धरामेश्वरांची, होम मैदानावर स्टॉल लागतात. त्या आठवड्यात गृहपाठ असा की एका स्टॉलपाशी दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि विकणारा काय बोलतो ते लिहून आणायचं. "घ्या ताई, शेवटचाच पीस राहिलाय." "आत्ताच त्या काकूंनी दोन नेले." "बघायला पैसे पडत नाहीत, हातात तर घ्या." शेंगाचटणीवाला आधी तळहातावर चव देतो, एकदा चव घेतली की तसंच निघून जायला माणसाला अवघड वाटतं, हे एका मुलीनं लिहून आणलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, "त्यांनी काही मागितलं नाही तरी मला द्यावंसं वाटलं." रॉबर्ट चाल्डिनी नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात सहा तत्त्वं मांडली, घेतल्याची परतफेड करावीशी वाटणं, एकदा हो म्हटलं की त्याला धरून राहणं, इतर लोक करतात ते करणं, जाणकाराचं ऐकणं, आवडत्या माणसाचं ऐकणं आणि कमी उरलेली गोष्ट जास्त हवीशी वाटणं. सहाच्या सहा पोरांनी होम मैदानावरून वहीत आणलेली असतात. तेव्हा मी यादी देतो. आणि हेही सांगतो की तो चटणीवाला काही वाईट माणूस नाही, चटणी चांगली आहे म्हणूनच तो चव देतो.

कारण दोन-तीन महिन्यांनी एक नवीनच अडचण येते मॅडम, ती आधीच सांगून ठेवतो. पोरं सगळ्यावरच संशय घ्यायला लागतात. डॉक्टर म्हणाले तरी "जाणकाराची युक्ती". लस घ्या म्हटलं तरी "घाबरवतायत". हे मला चालत नाही. म्हणून मी पल्स पोलिओची जाहिरात दाखवतो, दोन थेंबांची. त्यात काय काय आहे? अमिताभ बच्चन आहेत, भावना आहे, "सगळे नेतायत तुम्हीही न्या" आहे, सगळ्या युक्त्या आहेत. आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता तोच भिंतीवरचा प्रश्न लावा, यात काय सांगितलं नाही? पोरं शोधतात, डोस कधी, कुठं, पैसे पडतात का, सगळं सांगितलेलं असतं. मग पुढचा प्रश्न, मी हो म्हटलं तर फायदा कुणाचा? यावर वर्गात जे बोलणं होतं त्यात मी फार कमी बोलतो. युक्ती ओळखणं वेगळं आणि तिला नाही म्हणणं वेगळं, ओळखूनही हो म्हणता येतं, हे पोरं आपापल्या शब्दांत काढतात.

राजकारणाचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स शेवटी घ्या, पहिल्या वर्षी तर घेऊच नका. कुणाचा फोटो केवढा, वरच्या ओळीत कोण, खाली "भावी" कोण, हे पोरं फार सुंदर वाचतात, पण त्या फोटोंतला कुणीतरी वर्गातल्या कुणाचा तरी काका असतो, आणि एका पक्षाचं उदाहरण घेतलं की घरी ते वेगळंच पोचतं. घ्यायचंच तर दोन-तीन पक्षांचे एकदम घ्या आणि नावं झाकून घ्या.

तक्रार करायला मात्र जरूर शिकवा. औपचारिक पत्र अभ्यासक्रमात आहेच, तेच खऱ्या जाहिरातीवर लिहून घ्यायचं. कुठली जाहिरात, कुठं पाहिली, तारीख, नेमका दावा काय, काय सांगितलं नाही, आणि तुमची मागणी काय. रागानं लिहिलेलं पत्र पोरं पहिल्यांदा आणतात, "तुम्ही लोकांना लुटता" वगैरे, ते परत लिहायला लावायचं, पुरावा जोडून, शांतपणे, कारण ज्याचं मन वळवायचंय तोही माणूसच आहे आणि आता युक्ती त्यांच्या हातात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, आस्कीकडेही तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केली तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या हिरोलाही एक वर्षापर्यंत जाहिराती करायला बंदी येऊ शकते, हे ऐकलं की वर्गात नेहमी टाळी पडते.

मार्कांचं विचाराल तर मी यादीवर एकही प्रश्न विचारत नाही. न पाहिलेली एक जाहिरात देतो आणि तीनच प्रश्न, ही बघून तुला काय वाटलं, कुठल्या जागी वाटलं, आणि काय सांगितलं नाही. "कुठल्या जागी" याला निम्मे मार्क. ज्यानं लिहिलं की "आजी चष्मा काढून डोळे पुसते तिथं मला वाटलं" त्याला पूर्ण, आणि ज्यानं लिहिलं की "यात भावनिक आवाहन केले आहे" त्याला अर्धे, आणि शेजारी लिहितो, कुठे ते सांग.

तुमच्याकडे तास किती आहेत ते कळलं नाही, पण दोनच असतील तर एक चादरीचा किंवा तुमच्याकडे पोरांना जी वस्तू आतून माहीत असेल तिचा घ्या, बार्शीत डाळ मिल आहेत, तूरडाळ चालेल की, आणि दुसरा क्लासच्या बोर्डांचा. चाल गुणगुणायला पहिली पाच मिनिटं पुरतात. माझी बोर्ड तपासायची चौकट आहे, एका पानाची, पोरांनीच सुधारत सुधारत केलेली, हवी असेल तर पाठवतो, त्यात शेवटच्या रकान्यात "छेद?" असं लिहिलंय ते मात्र तसंच ठेवा.